एम्प्रेस गार्डनमधली गारंबी

(दृश्य: बागेचं फाटक. आत जाणारी वाट.)

रेसकोर्सकडच्या रस्त्याचे हॉर्न फाटकापर्यंत आपल्याबरोबर येतात. तिकीट काढून आत शिरलं की हळूहळू मागे पडतात.

एम्प्रेस गार्डन. ३९ एकर. व्हिक्टोरिया राणीनं १८७६ साली हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतला, त्यावरून हे नाव. बाग सांभाळते ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. एरवी पुणेकराला इथली आठवण होते ती जानेवारीत, पुष्पप्रदर्शनाला. गुलाब, शेवंती, चार फोटो, भेळ, की घरी.

आज फुलं नाहीत. बरंच झालं.

(दृश्य: ओढ्याकाठची वाट. कॅमेरा खालून वर.)

ओढ्याच्या कडेनं चला. सावकाश. आता मान वर करा. हे जे पिळदार, जाडजूड वर गेलंय, ते झाडाचं खोड नव्हे. वेल आहे. गारंबी. ती निघते कुठून आणि पोचते कुठे, हे एका शॉटमध्ये काही बसेना. तीनदा घेतला, मग नाद सोडला.

गारंबी मूळची रानातली, सह्याद्रीतही सापडते. कूळ शेंगांचं, म्हणजे वाटाणा आणि चिंचेच्या नात्यातली. ऊन वर, झाडांच्या माथ्यावर. तिथवर स्वतःच्या बळावर जायचं तर बुंधा पोसावा लागतो. गारंबी तो खर्च करतच नाही. पानाच्या टोकालाच दुहेरी तणावा फुटतो आणि शेजारची फांदी धरतो. मग पुढची. मग त्याच्याही पुढची.

(दृश्य: शेंग. शेजारी शाळकरी मुलगी.)

ही तिची शेंग. मुलीच्या खांद्याला लागलीय. पेरापेराला खाच, प्रत्येक पेरात एक बी. वाळली की पेरं सुटी होऊन गळतात आणि वेलीवर राहते नुसती कड, पाडायला काढलेल्या वाड्याच्या चौकटीसारखी.

(दृश्य: तळहातावर बी.)

चॉकलेटी, चपटी, गुळगुळीत. कवच टणक, आत हवेची पोकळी, म्हणून पाण्यावर तरंगते. गारंबीच्या जातभाईंच्या बिया समुद्रातून वाहत पार युरोपच्या किनाऱ्याला लागल्यात. पुण्याहून निघालीच एखादी, तर मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागरात जायची. मध्ये उजनीचं धरण आहे, तो भाग वेगळा.

(दृश्य: बागेची कड, पलीकडे इमारती.)

काही वर्षांपूर्वी इथल्या जागेवर सरकारी निवासस्थानं बांधायचं घाटत होतं. लोकांनी विरोध केला.

(दृश्य: पुन्हा ओढा. मुलगी काठावर उकिडवी.)

तिनं बी पाण्यात सोडली. तरंगली. दोन हात पुढे जाऊन गवतात अडकली.

काडी शोधतेय.