लघवीतले पिटुकले फुगे आणि किडनीची खबर

(बेडकाची दोन अंडी, ॲनिमेशन)
डावीकडचं अंडं साधं, उजवीकडच्यात एका प्रोटीनचा आरएनए, म्हणजे ते बनवायची कृती, टोचलाय. दोन्ही साध्या, क्षार कमी असलेल्या पाण्यात सोडली. उजवीकडचं बघत रहा... फुगतंय, अजून फुगतंय... गेलं फुटून! डावीकडचं आपलं जसंच्या तसं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर ॲग्रे आणि मंडळींनी हे करून दाखवलं, पेशीला पाण्यासाठी वेगळे दरवाजे असतात हे पक्कं झालं. गंमत म्हणजे ॲग्रे शोधत होते आरएच रक्तगटाचं प्रोटीन आणि हे मध्येच लुडबुडलं. दरवाज्याचं नाव पडलं ॲक्वापोरिन, आणि २००३ चं केमिस्ट्रीचं अर्धं नोबेल ॲग्रेंकडे गेलं.

(किडनीचा छेद)
किडनीत या दरवाज्यांची नुसती गर्दी. दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं, बाहेर पडतं जेमतेम दीड-दोन लिटर, बाकीचं सगळं परत ओढून घ्यायचं. किडनीतल्या बारीक नळीच्या सुरुवातीच्या भागात ॲक्वापोरिन-१, शेवटाला ॲक्वापोरिन-२, आणि हे दोन नंबरचं मोठं हुकमाचं ताबेदार, व्हॅसोप्रेसिन हार्मोन आलं की पेशीच्या काठावर हजर, हार्मोन ओसरलं की परत आत.
आता नीट बघा, पेशीच्या आतली पिशवी काठाला चिकटली आणि त्यातले बारके फुगे थेट लघवीत सांडले. १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान, आणि अंगावर तेच ॲक्वापोरिन. म्हणजे सुई न टोचता किडनीच्या आतला माल हातात, आणि आपण तो रोज फ्लश करतो!

(लॅब, बर्फातला नमुना)
पण हे फुगे पकडायचे म्हणजे खटाटोप आहे. लघवी आली की लगेच प्रोटीन टिकवणारं औषध घालायचं, नाहीतर ते तुटायला लागतं. आधी हळू फिरवून पेशी आणि गाळ काढायचा. मग हे मोठं मशीन, अल्ट्रासेंट्रिफ्यूज. समोरासमोरच्या ट्यूब अगदी तोलून भरतात, कारण गुरुत्वाच्या दोन लाख पट जोर लागणारे, वजनात जरा फरक पडला तर आतलं फिरणारं चाक, रोटर, गेलंच. तासाभराने तळाशी जे बसतं ते डोळ्याला धड दिसतही नाही. त्यात यूरोमोड्युलिन नावाचं प्रोटीन गुळाच्या पाकासारख्या तारा धरतं आणि फुगे त्यात अडकतात, मग डीटीटी नावाचं रसायन टाकून त्या तारा मोकळ्या करायच्या. हे सगळं करून २००४ मध्ये अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत मार्क नेपर यांच्या टीमने या फुग्यांतून २९५ प्रोटीन ओळखले, ॲक्वापोरिन-२ त्यातलंच.

(ब्लॉटच्या काळ्या पट्ट्या)
या टेस्टमध्ये प्रोटीन काळ्या पट्टीसारखं दिसतं, पट्टी फिकी म्हणजे प्रोटीन कमी.
२००९ मध्ये जपानच्या मियाझाकीतल्या संशोधकांनी उंदरांच्या किडनीचा रक्तपुरवठा काही वेळ थांबवून परत सुरू केला. सहाच तासांत फुग्यांमधलं ॲक्वापोरिन-१ घसरलं आणि ९६ तास खालीच राहिलं. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या एका पेशंटमध्येही ४८ तासांनी हीच घसरण दिसली. आणि मला सगळ्यात भारी वाटली ती गोष्ट म्हणजे लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या दुसऱ्या पेशंट्समध्ये ही पट्टी फारशी हलली नाही, म्हणजे किडनीला काहीही झालं की वाजणारी ही घंटा नाही, दुखणं कुठलं तेही थोडंफार सांगते.
नेहमीच्या टेस्टमध्ये बघतात ते रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, मात्र बरंच नुकसान झाल्यावर चढतं, तोवर काहींच्या दारात डायलिसिस उभं असतं.

(लॅबमधला वहीचा क्लोजअप)
कोपऱ्यातल्या लॅबमध्ये ही टेस्ट अजून नाही मिळत, तिथे आज क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन, एवढंच तपासून घ्या. मशीन महाग, वेळ जातो, आणि एक घोळ अजून मिटायचाय: कुणी तांब्याभर पाणी पिऊन आला की लघवी पातळ, फुगेही विरळ. मग आकडा कशाने भागायचा? बरेच जण लघवीतल्या क्रिएटिनिननेच भागतात, पण आजारी किडनीत तेही हलतं, म्हणून काही जण फुग्यांवरचंच दुसरं एखादं प्रोटीन मोजून त्याच्याशी तुलना करतात.