बोर्ड: एका फळीतून फुटलेले अर्थ

मंडळी, इंग्रजीतल्या एकाच शब्दाला दहा अर्थ असले की आपली मुलं बिचकतात. आपण त्यांना यादी लिहून देतो आणि ती घोकतात. ही पद्धत मला पटत नाही. आज मी 'बोर्ड' हा एकच शब्द घेतो, कारण तो आपल्या तोंडी सतत असतो: दुकानावरचा बोर्ड, दहावीचं बोर्ड, कंपनीचं बोर्ड, बोर्डिंगात राहून शिकलेला मुलगा, विमानाचा बोर्डिंग पास.

मूळ अर्थ लाकडी फळी. दुकानाची पाटी, वर्गातला फळा, बुद्धिबळाचा पट हे थेट त्यातूनच आले. त्यावर वेळ घालवत नाही.

खरी मौज जेवणाच्या फळीत आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोठ्या दालनात जेवणाची टेबलं बहुधा कायमची मांडलेली नसत. लाकडी घोड्या लावायच्या, त्यांवर फळ्या टाकायच्या आणि जेवणं उरकली की सगळं उचलून ठेवायचं. त्या फळीला बोर्ड म्हणत आणि पुढे तिच्यावरच्या जेवणालाही. आपण 'दोन पानं वाढा' म्हणतो, तेव्हा पानं कोण मोजतं? तसंच हे. म्हणूनच 'बोर्डिंग अँड लॉजिंग' या पाटीवर दोन शब्द लागतात. लॉजिंग म्हणजे मुक्काम, बोर्डिंग म्हणजे जेवण.

हा अर्थ महाराष्ट्राने फार मोठ्या कामाला लावला. 1901 साली शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि मग एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग काढलं; 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. खेड्यातल्या गरीब पोराला शिकायचं तर आधी दोन वेळचं जेवण हवं, हे त्या माउलीला कळलं होतं. बोर्डिंग या शब्दाचा इतका खरा अर्थ मला कुठल्या शब्दकोशात सापडलेला नाही.

त्याच टेबलाभोवती जेवणाऐवजी कारभाराला माणसं बसू लागली, तेव्हा त्या माणसांनाच बोर्ड म्हणू लागले. कंपनीचं संचालक मंडळ, इंग्रजी अमदानीतलं लोकल बोर्ड, 1965च्या कायद्याने आलेलं आपलं दहावी-बारावीचं बोर्ड, सगळी याच टेबलावरची.

उरला बोर्डिंग पास. हा फाटा वेगळा आहे. जुन्या इंग्रजीत याच शब्दाने जहाजाची बाजूही सांगत. पूर्वी सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असे, म्हणून ती बाजू 'स्टारबोर्ड', म्हणजे सुकाणूची बाजू. डावी होती 'लारबोर्ड'. वादळात ओरडून हुकूम देताना या दोन नावांचा घोटाळा होई, म्हणून 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने डावीसाठी 'पोर्ट' हा शब्द पक्का केला. जहाजात चढण्याला बोर्डिंग म्हणतात ते या बाजूवरून. तेच पुढे रेल्वेने घेतलं, विमानाने घेतलं. तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे: साताऱ्याचं बोर्डिंग आणि तिकिटावरचं बोर्डिंग स्टेशन एका दमात शिकवू नका. एक जेवणाच्या फळीवरून आलंय, दुसरं जहाजाच्या बाजूवरून. फळ्यावर दोन्ही चित्रं काढा आणि कुठलं बोर्डिंग कुठल्या चित्राखाली जातं, ते मुलांनाच लिहू द्या.