चवीपुरतं प्रेम

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘मराठी प्रेमकथा : कादंबरी आणि चित्रपट’. सुरुवातीलाच सांगून टाकते, निखळ प्रेमकथा मला झेपत नाही. पहिल्या पानावर दोघं भेटली, शेवटच्या पानावर लग्न झालं किंवा मेली, आणि मधली तीनशे पानं एकमेकांकडे बघत बसली, की माझं लक्ष त्यांच्या खिडकीबाहेर जातं. ही पोरं करतात काय? यांना पगार कोण देतं? घरात भांडी कोण घासतं? मला आवडतं ते कथेत चवीपुरतं आलेलं प्रेम. गोष्ट दुसऱ्याच कशाची तरी चाललेली असते, आणि तिच्या आडून दोन माणसं हळूच एकमेकांची होतात. (कोल्हापुरात बोलायचं म्हणजे इथं तांबड्या-पांढऱ्याची उपमा यायलाच हवी, असं एकांनी मघाशी बजावलंय. ती मी देणार नाही.)

मी आयुष्यभर वाचनालयाच्या काउंटरवर बसले. समीक्षक पुस्तकाबद्दल काय म्हणतात ते मला नंतर कळायचं, आधी कळायचं ते परत आलेल्या पुस्तकावरून. कुठलं पान दुमडलंय, कुठं चहाचा डाग आहे, कुठं कोणी पेन्सिलीनं बारीक रेघ ओढून परत खोडलीय. ती खोडलेली रेघ प्रेमाच्याच परिच्छेदाखाली असायची. लढाईच्या वर्णनाखाली रेघ मारून कोणी खोडत नाही.

या गावात प्रेमावर बोलायचं तर फडके-खांडेकरांना टाळून पुढं जाता येत नाही. ना. सी. फडके इथल्या राजाराम कॉलेजात शिकवत होते, आणि वि. स. खांडेकर 1938 साली शिरोड्याची शाळा सोडून इथं आले ते इथलेच झाले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादाचे दोन्ही पुढारी एकाच गावात राहत होते. पोस्टमनलाही गंमत वाटत असेल.

फडक्यांबद्दल माझं मत वाईट नाही. कथानक कसं गुंफावं, वाचकाला प्रकरणाच्या शेवटी कुठं लटकत ठेवावं, हे त्यांच्यासारखं कोणाला जमलेलं नाही. नायक-नायिकेची पहिली भेट लिहावी ती त्यांनीच. पण त्यांच्या प्रेमिकांना प्रेम हाच पूर्णवेळ धंदा असतो. सुंदर बंगला, टेनिस, रुमालाचा सुगंध. मला त्या बंगल्यातल्या स्वयंपाकीणबाईंना भेटायचं असतं आणि ते राहूनच जातं.

खांडेकरांचं उलटं. त्यांच्याकडे प्रेमाला ध्येय हवंच. तरुण मुलगा मुलीचा हात हातात घेतो आणि समाजाबद्दल बोलायला लागतो. वाक्यं इतकी सुभाषितासारखी, की माझ्या पिढीच्या मुलींनी ती वहीत उतरवून घेतली. मीही घेतली. आता त्या वह्या उघडल्या की लक्षात येतं, बोलणारी माणसं आठवत नाहीत, वाक्यंच आठवतात.

पण ‘ययाति’ वेगळी. 1959 ची कादंबरी, मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते तिच्या लेखकाला, 1974 सालचं. सगळे बोलतात ते देवयानी आणि शर्मिष्ठेबद्दल. मला विचाराल तर त्या पुस्तकातलं प्रेम आहे अलकेचं. राजवाड्यात वाढलेली दासीची मुलगी, सोनेरी केसांची. तिच्या वाट्याला फार पानं नाहीत. महाभारतात ती नाहीच, खांडेकरांनी तिला घडवलं. राजपुत्र तिच्यात गुंततो आणि राजमातेच्या हुकमानं तिला विष दिलं जातं. पुढचा सगळा ययाती, त्याची न संपणारी भूक, बाईमागून बाई, हे मी त्या पोरीच्या मरणापासून वाचायला सुरुवात करते. तिला जास्त पानं दिली असती तर ती नायिका झाली असती आणि मग इतकी लागली नसती.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ 1962 ची. कोवाडचे देसाई, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. हे पुस्तक पुरुष इतिहास म्हणून न्यायचे. निजाम, हैदर, राघोबादादांचे घोळ, दौलतीचं कर्ज. आणि पेन्सिलीच्या रेघा सापडायच्या माधवराव आणि रमेच्या पानांवर. नवरा-बायकोचं प्रेम मराठीत तोवर इतक्या हळुवारपणे फार कमी लोकांनी लिहिलं होतं. त्याच्याकडे वेळ नाही, तिच्याकडे वेळच वेळ आहे, आणि दोघांमध्ये अख्खी पेशवाई उभी आहे. त्यामुळं एखाद्या संध्याकाळी दोघं नुसती बोलत बसली तरी वाचणाऱ्याला चोरून काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं.

मात्र एक सांगते, आणि इथं काही जण माझ्यावर रागावतील. थेऊरला माधवराव गेले, रमाबाई सती गेल्या, हा इतिहास आहे, त्याला देसाई काय करणार. पण ते ज्या सजावटीनं लिहिलंय ती मला गिळवत नाही. सत्तावीस वर्षांचा नवरा क्षयानं जातो आणि त्याच्याहून लहान बाई चितेवर चढते, तिथं माझ्या अंगावर काटा येतो तो भक्तीचा नसतो. काउंटरवर एकदा एक आजीबाई पुस्तक परत करताना म्हणाल्या होत्या, “शेवटची पानं वाचली नाहीत बघ. रमा अजून माझ्यात जिती हाय.” मला ते मत कुठल्याही समीक्षेपेक्षा वरचं वाटतं.

त्याच 1962 साली पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ आली. इतकी बारीक, की कपाटात दोन जाड पुस्तकांच्या मध्ये हरवायची. 39 पत्रं, सगळी तिचीच. ज्याला लिहिलीत त्याचं एक अक्षर आपल्याला वाचायला मिळत नाही. तो कसा दिसतो, कसा बोलतो, काही नाही. तरी त्याचं असणं पानापानावर जाणवतं. आणि ती त्याला लिहिते काय? आपल्या आजूबाजूच्या माणसांबद्दल, प्रवासाबद्दल, युद्धाच्या दिवसांबद्दल, मोर हवा असलेल्या लच्छीच्या गोष्टीबद्दल. प्रेमाचा शब्द जवळजवळ नाही. ही कादंबरी मी किती जणींच्या हातात कोंबली असेल! निम्म्या जणी “काही घडतच नाही” म्हणून परत द्यायच्या. उरलेल्या निम्म्या परत द्यायला विसरायच्या, आणि दंड वसूल करायचं मीही विसरायचे.

आता सिनेमा. आपलं गाव सिनेमाचं माहेर. बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा फिरवला, 1929 मध्ये ‘प्रभात’ इथंच सुरू झाली आणि चार वर्षांनी पुण्याला गेली. तो इतिहास तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ आहे, म्हणून तो सोडते. मला बोलायचंय ‘ब्रह्मचारी’बद्दल. 1938, हंस पिक्चर्स, कोल्हापूर. लेखन अत्र्यांचं, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. औदुंबर नावाचा पोरगा एक व्याख्यान ऐकतो आणि आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो. भिंतीवरची नट्यांची चित्रं काढून टाकतो, स्वयंसेवक होतो. (आजचं व्याख्यान ऐकून कोणी असलं काही करू नका.) मग मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी येते, पोहण्याच्या पोशाखात पाण्याकाठी गाते, आणि शपथ डळमळते. त्या पोशाखानं तेव्हा मोठी खळबळ उडाली, आजही लोक तेवढंच सांगतात. मला त्यात आवडते ती निराळीच गोष्ट. हा प्रेमपट नाहीच, ढोंगाची टर उडवणारा विनोद आहे. प्रेम तिथं ढोंग फोडायच्या कामी आलंय. म्हणूनच ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनंतरही तो बघताना हसू येतं, आणि त्याच काळातले धीरगंभीर प्रेमपट बघताना भलत्याच ठिकाणी हसू येतं.

आणि भालजींचा ‘साधी माणसं’, 1965. लोहाराचं जोडपं, सूर्यकांत आणि जयश्री गडकर. शहराच्या वाटेला लागल्यावर त्यांच्या संसाराची जी परवड होते, ती त्यातली गोष्ट. पण माझ्या मते मराठीतलं सगळ्यात चांगलं प्रेमगीत त्यात आहे, आणि ते प्रेमगीत म्हणून कुणाच्या यादीत नसतं. ऐरणीच्या देवाचं गाणं. शब्द आपल्या जगदीश खेबुडकरांचे, संगीत ‘आनंदघन’ या नावानं लताबाईंनीच दिलेलं. गाणं कोणाला उद्देशून आहे बघा. नवरा बायकोला म्हणत नाही, बायको नवऱ्याला म्हणत नाही. गाणं ऐरणीच्या देवाला आहे. मागणं आहे ते देवाची माया राहू दे, सोसायला-झुंजायला अंगी बळ येऊ दे, आणि धनी वाघासारखा असू दे, एवढंच. भट्टीची धग, भात्याचा वारा, घणाचा ठेका. दोघांची नजर कामावर, आणि ठेका मात्र दोघांचा एक. बागेत झाडाभोवती फिरणाऱ्या जोड्यांना हे जन्मात जमलेलं नाही. ज्यांनी नवऱ्याबरोबर दुकान चालवलंय, शेत केलंय, गुऱ्हाळाच्या हंगामात रात्र जागवलीय, त्या बायकांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. समोरच्या दोन रांगांत माना हलताहेत, दिसतंय मला.

आता ‘जोगवा’. इथं मी जरा थांबणार आहे. राजीव पाटलांचा 2009 चा चित्रपट, उपेंद्र लिमये आणि मुक्ता बर्वे. मूळ आधार आपल्या गडहिंग्लज भागातल्या राजन गवसांचा. ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या त्यांच्या दोन वेगळ्या कादंबऱ्या. ‘चौंडकं’ सुलीची, यल्लम्माला सोडलेल्या मुलीची. ‘भंडारभोग’ तायप्पाची, ज्याच्या केसांत जट आली म्हणून देवीला वाहून जोगता करून लुगडं नेसवलं त्या पोराची. दोघं दोन पुस्तकांत राहतात. त्यांची गाठ घालून दिली ती सिनेमानं. चारुता सागरांच्या ‘दर्शन’ या कथेचाही त्यात हात आहे.

एरवी मी अशा उद्योगावर चिडते. कादंबरीत नसलेलं प्रेम सिनेमात घुसडायचं, का तर गाणी हवीत म्हणून. असे किती चांगले विषय आपल्याकडे वाया गेले. पण इथं ते पटलं, आणि का पटलं याचा मी बरेच दिवस विचार केला. एक बाई, जिला देवीची म्हणून संसार करायची बंदी. एक पुरुष, ज्याला पुरुष म्हणून जगायची बंदी. त्यांच्यात आकर्षण निर्माण व्हायचं तर आधी त्याला स्वतःला पुरुष म्हणून आठवावं लागतं. तिला त्याच्या लुगड्यापलीकडचा माणूस दिसावा लागतो. बाकीच्या प्रेमकथांत जात, पैसा, बाप आडवा येतो, इथं अंगावरचं कापड आडवं येतं. म्हणजे प्रेम इथं वरून भुरभुरलेलं नाही. त्या प्रथेनं माणसाचं काय काय काढून घेतलं, ते दाखवायला त्याच्यासारखं दुसरं साधन नव्हतं. कादंबऱ्यांनी हे दोघांच्या एकटेपणातून दाखवलं, सिनेमानं दोघांना समोरासमोर उभं करून.

त्यातलं ते प्रसिद्ध ‘जीव रंगला’ सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. लग्नाच्या चित्रीकरणात नवरा-नवरी शेतात धावताना तेच लावतात. कुठल्या सिनेमातलं, कोणाचं, काही पत्ता नसतो. असो. यल्लम्माच्या सौंदत्तीच्या वाटेवर ज्यांनी जोगत्यांचे जथे पाहिलेत त्यांना ते गाणं वेगळं ऐकू येतं.

‘सैराट’वर बोलल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही, म्हणून थोडक्यात. 2016 चा, नागराज मंजुळेंचा. सगळ्यांना पहिला भाग आवडतो. विहीर, बुलेट, झिंगाट नाच. मला दुसरा आवडतो. हैदराबादची झोपडपट्टी, बाटल्यांच्या कारखान्यात जाणारी आर्ची, डोशाच्या गाडीवरचा परश्या. तिला घरची आठवण येते, त्याला संशय येतो, तो हात उचलतो, ती निघून जाते, परत येते. पाटलाच्या पोरीला स्टोव्ह पेटवायचं शिकावं लागतं. पहिल्या भागात ती दोघं एकमेकांना आवडतात, दुसऱ्यात ती एकमेकांची होतात. शेवटाबद्दल इतकं बोललं गेलंय, की हा मधला संसार कोणी पाहिलाच नाही असं मला वाटतं. थिएटरात तर त्या वेळी लोक मध्यंतरातले सामोसे संपवत होते.

आता चिठ्ठ्या आल्यात, दोन घेते.

पहिली, “मग फडके वाचूच नयेत काय?” वाचा की. प्रवासात वाचा, तापात पडल्यावर वाचा. मी अजून वाचते. मत एक आणि आवड एक असं चालतं माणसाचं.

दुसरी चिठ्ठी मुलीच्या अक्षरात आहे. “‘जोगवा’ पाहिला आहे. पुस्तकं वाचायची तर कुठलं आधी?” आधी ‘चौंडकं’, मग ‘भंडारभोग’. मध्ये आठवडाभर जाऊ दे. सिनेमातला तायप्पा ‘चौंडकं’मध्ये शोधू नकोस, तो तिथं नाही. सुलीला तिथं कोणीच नाही, ते एकदा नीट वाच आणि मग सिनेमा परत बघ. पुस्तकं वाचनालयात नसली तर मागणीच्या वहीत नाव लिही. वही काउंटरवर डाव्या हाताला असते, आणि तिच्यात लिहिलेलं हल्ली कोणी वाचत नाही अशी तक्रार आली तर मला सांग, मी येऊन बसते.