फाईल उघडली कोणी?

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झालाय कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, अधिकार-तपासणी. म्हणजे एखादा प्रोग्रॅम कर्नलकडे येतो, म्हणतो मला हे करू दे, आणि कर्नलने ठरवायचं की ह्याला करू द्यायचं की नको. गोव्यातल्या फर्मागुडीच्या कॉलेजातली मुलं बसलीत समोर, रूट म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, सुडो म्हणजे त्याच्या अधिकाराने काम करून देणारी कमांड, हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून बाराखडी सोडतो आणि थेट आमच्या घराच्या फायलीवर येतो, कारण मला हा विषय कळला तो तिथे.

आजी वारली, त्यानंतर गावच्या घरावरचं नाव बदलायला बाबांनी एका कचेरीत अर्ज दिला. कुठली ते राहू दे. भावांच्या सह्या, दाखला, घरपट्टीच्या पावत्या, सगळं जोडलेलं. आठ महिने झाले तरी काही हालचाल नाही, तेव्हा कळलं की फायलीत एक हरकतीचा कागद आहे. कोणाचा, तर ज्याचा त्या घराशी काडीचा संबंध नाही अशा माणसाचा, आणि त्यावर आवक नंबरसुद्धा नाही! बाबांनी विचारलं हा आत गेला कसा, तर उत्तर आलं की शिपायाने लावला, आणि शिपायाला रेकॉर्ड रूममध्ये जायची परवानगी आहे. संपलं. परवानगी आहे ना, मग कागद बरोबरच असणार.

आता तो शिपाई काही वाईट माणूस नव्हता हो, मी भेटलोय त्याला, आम्हाला पाणी द्यायचा. दारात कोणीतरी म्हणालं असणार, दादा एवढा कागद त्या फायलीत लाव, आणि त्याने लावला, त्याचं कामच ते. आत कोण गेलं हे सगळ्यांनी बघितलं, कोणाच्या सांगण्यावरून गेलं हे एकानेही विचारलं नाही. ती हरकत निघायला तीन वर्षं गेली. भर पावसात बाबा प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून फोंड्याच्या बसस्टँडवर उभे असायचे, ते मला अजून दिसतात.

पुढे कधीतरी नॉर्म हार्डी यांचा १९८८ चा लेख वाचला आणि मी उडालोच, आमचाच शिपाई! त्यांच्या गोष्टीत एक कंपायलर आहे, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, त्याला एका डायरेक्टरीत आकडेवारी लिहायची परवानगी, आणि त्याच डायरेक्टरीत बिलांची फाईल. एका युजरने डीबगचं, म्हणजे चुका शोधायला लागणारं, आउटपुट कुठे टाकायचं म्हणून त्या बिलांच्या फायलीचं नाव दिलं. कंपायलरने इमानदारीत तिथे लिहिलं, बिलं गेली. हार्डींनी त्याला गोंधळलेला मुनीम अशा अर्थाचं नाव दिलं, मी शिपाईच म्हणतो.

युनिक्समध्ये असे शिपाई मुद्दाम ठेवलेले आहेत, सेट-युआयडी प्रोग्रॅम, म्हणजे चालवणाऱ्याच्या नाही तर प्रोग्रॅमच्या मालकाच्या अधिकाराने चालणारे. ती कल्पना युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांची. म्हार्दोळला किंवा मंगेशीला आपण गर्भकुडीत जात नाही, नारळ भटजींच्या हातात देतो, ते आत नेतात, तसंच. स्वतःचा पासवर्ड बदलायला तुम्हाला पासवर्डच्या फायलीला हात लावता येत नाही, पासवर्ड प्रोग्रॅम रूट होऊन तुमच्यासाठी लावतो. सोय चांगलीच आहे, पण भटजींच्या हातात आपण काय दिलंय ते कोणीतरी बघायला हवं ना?

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत, काहींना शेवटची बस गाठायचीय. तर भराभर सांगतो.

आधी लिनक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्याच ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, प्रश्न एकच, तू रूट आहेस का. १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून रूटचे अधिकार तुकड्यांत वाटले, त्यांना केपेबिलिटी म्हणतात, आता चाळीसच्या वर आहेत. १०२४ खालचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कचा दरवाजा-नंबर, घ्यायला एक, घड्याळ बदलायला दुसरी. छान झालं, पण विचारायचं कोणाला हा प्रश्न तसाच राहिला, कारण कर्नल साधारणपणे ‘करंट’ला विचारतं, म्हणजे ह्या क्षणी जो चालतोय त्याला.

जानेवारी २०१२ मध्ये ह्यातूनच एक भोक सापडलं. लिनक्समध्ये प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, मेमरी फाईलसारखी दिसते, साध्या युजरने ती उघडून ‘एसयू’ ह्या दुसरा युजर व्हायच्या सेट-युआयडी प्रोग्रॅमचे एरर जिथे लिहिले जातात त्या वाटेवर जोडली. एसयू म्हणाला असा युजर नाही, आणि त्या नावात युजरने घातलेला मजकूर एसयूच्या स्वतःच्याच मेमरीत लिहिला गेला. लिहिणारा कोण? एसयू. परवानगी आहे. मग तपासणी फाईल उघडतानाच करायची असा बदल झाला.

२०१३, पुन्हा तेच! लिनक्स ३.८ मध्ये यूजर नेमस्पेस, म्हणजे युजर नंबरांची स्वतःची वेगळी खोली, साध्या युजरला खुल्या झाल्या, आणि आतला कुठला युजर नंबर बाहेर कुठला धरायचा हे ज्या युआयडी मॅप फायलीत लिहितात, तिथेही लिहिणाऱ्यालाच विचारत होते. फाईल साध्याने उघडायची, सेट-युआयडी प्रोग्रॅमच्या हातात द्यायची, तो रूट म्हणून लिहितो. दुरुस्तीत कर्नल दोघांना विचारायला लागलं, लिहिणाऱ्याला आणि उघडणाऱ्यालाही. उघडणाऱ्याची ओळख उघडलेल्या फायलीसोबतच जपून ठेवलेली असते, ती वाचायची, बस.

मुलांनो, लिनक्सच्या सोर्स कोडात कर्नल फोल्डरमधली यूजर नेमस्पेसची सी फाईल उघडा, उघडणाऱ्याची परवानगी तपासणारं फाईल-एनएस-केपेबल शोधा, त्याच्या आजूबाजूचं सगळं वाचा. आणि नवीन ड्रायव्हर लिहाल तेव्हा राइटच्या फंक्शनमध्ये नुसतं केपेबल, म्हणजे फक्त ‘करंट’ला विचारणारी तपासणी, दिसलं तर तिथे थांबा, फाईल कोणी उघडली ते आधी बघा. लॅपटॉप चालू आहे, ज्यांना बस नाही त्यांनी पुढे या, इथेच दाखवतो.