मुक्कामी गाडी आणि मानमोडी

(विट्यातील एका व्याख्यानमालेत केलेलं भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलेलं.)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘महाराष्ट्रातील महामारीचा प्रसार : १९१८ आणि २०२०’. हे नाव मी दिलेलं नाही. मी फोनवर ‘मुक्कामी गाडी’ एवढंच सांगितलं होतं. संयोजक म्हणाले, त्या नावाला माणसं येणार नाहीत. आता मोठं नाव देऊनही पुढच्या दोन रांगा मोकळ्याच आहेत. या, पुढं या. पंखा पुढंच आहे.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं एसटीत काढली, आधी कंडक्टर म्हणून, मग वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे खिडकीत तोंड घालून ‘ओ कंट्रोलर, गाडी कधी लागणार?’ असं तुम्ही ज्याच्यावर ओरडता, तो मी. विषाणू कसा दिसतो मला माहीत नाही. त्याला पाय नसतात एवढं माहीत आहे. पाय नसलेल्याला पाटी लागते, म्हणजे गावाचं नाव लावलेली गाडी. कुठली पाटी किती वाजता सुटते, कुठं जाते आणि रात्री कुठं झोपते हे ज्याला पाठ आहे, त्याला साथ कुठं निघालीय ते आधी कळतं. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावून बसणाऱ्याला ते मागाहून कळतं. आज मला एवढंच सांगायचंय, बाकी सगळं पदरचं.

मुक्कामी गाडी इथल्या पोरांना माहीत नसेल, त्यांच्या बुडाखाली मोटरसायकल आली. संध्याकाळी सहा-साडेसहाला तालुक्याच्या स्टँडवरून सुटणारी ही शेवटची गाडी. बाजाराच्या पिशव्या, कॉलेजची पोरं, कोर्टातून हात हलवत परत निघालेले दोघे भाऊ, एकमेकांकडं पाठ करून बसलेले. आणि खिडकीशी एक मुंबईकर. पहाटे परळला बसला, दुपारी विट्यात उतरला, सासुरवाडीला जेवला आणि आता गावाकडं निघाला. गाडी डांबर संपेपर्यंत जाते. शेवटच्या गावात देवळासमोर उभी राहते. कुणाच्या तरी घरून भाकरी आणि कोरड्यास येतं. ड्रायव्हर देवळाच्या ओट्यावर आडवा होतो, कंडक्टर गाडीतच, तिकिटाची पेटी उशाला घेऊन. रात्री नऊपर्यंत गावातली पाच-पन्नास माणसं त्या गाडीभोवती बसून जातात. मुंबईची बातमी, विट्याचा भाव, कुणाची सोयरीक कुठं अडली. पहाटे साडेपाचला हॉर्न, आणि तीच गाडी तीच माणसं घेऊन परत तालुक्याला.

आता हिशेब करा. नकाशावर ते शेवटचं गाव मुंबईपासून साडेतीनशे किलोमीटर लांब आणि शेजारच्या तालुक्याचं गाव डोंगरापलीकडं सहा किलोमीटरवर. पण डोंगरावरून पाटी जात नाही. म्हणून त्या गावाला मुंबई जवळची आणि शेजारचं गाव लांबचं. ताप डोंगर चढून येत नाही, परळहून येतो. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, ड्यूटीवर बसून बसून डोक्यात शिरलेलं आहे.

आणि हे मी विट्यात सांगतोय, म्हणजे समुद्राला पाणी दाखवतोय. इथं बसलेल्यांत गलाईवाल्यांच्या घरातला नाही असा कोण आहे? हात वर करा. तीन. त्यातले दोन संयोजक. खानापूर-आटपाडीच्या माळावर पाऊस पडत नाही म्हणून आपली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. दिल्ली, कोलकाता, केरळ, आसाम, जिथं सराफकट्टा तिथं खानापूरचा माणूस. २०२० च्या मार्चमध्ये टीव्हीवर दिल्लीचे आकडे यायला लागले, तेव्हा आपल्या आयाबायांना तो आकडा वाटला नाही, तो थोरला लेक वाटला. लेक परत येणार हे त्यांना कळलेलं होतं. मे-जूनमध्ये ती मंडळी आली आणि वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून बसलेल्या गावांनी आपल्याच पोरांना शाळेत चौदा-चौदा दिवस ठेवलं. शाळेच्या खिडकीतून आई भाकरी देतेय आणि लेक मास्तरच्या खुर्चीत बसून खातोय. लहानपणी त्या खुर्चीजवळ जायची ज्याची टाप नव्हती, तो.

आता पासाची गोष्ट सांगतो. घरच्यांनी बजावलंय सांगू नका म्हणून, पण सांगतो.

माझी धाकटी लेक कराडला दिली आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये तिला सातवा सरत आलेला. पहिलं बाळंतपण, आणायला हवी माहेरी. विटा ते कराड अंतर जेमतेम ४० किलोमीटर, पण मध्ये जिल्ह्याची हद्द. खासगी गाडीनं हद्द ओलांडायची तर ई-पास. आमच्या चिरंजीवांनी अर्ज भरला. कारण म्हणून ‘वैद्यकीय’ टाकलं. तीन दिवसांनी नामंजूर, डॉक्टरांचा दाखला नाही. दाखला आणला, त्याचा फोटो काढून जोडला. नामंजूर, फाइल मोठी आहे. फाइल लहान केली, इतकी की डॉक्टरांची सही मुंगीएवढी दिसायला लागली. तिसऱ्यांदा उत्तर आलं, ‘कारण समाधानकारक नाही.’ अहो, सात महिन्यांचं कारण आहे, लांबूनसुद्धा दिसतंय! कुठल्या कचेरीतून ते उत्तर आलं हे मी सांगणार नाही, कारण त्यांच्याकडं माझं आणखी एक काम अडकलंय.

तेवढ्यात काय झालं? २० ऑगस्टपासून आंतरजिल्हा एसटी सुरू झाली, आणि एसटीच्या प्रवाशाला पास लागणार नाही असं जाहीर झालं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांनाही तेच होतं, स्वतःच्या मोटारीनं गेलात तर पास आणा, एसटीनं गेलात तर नको. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला एवढा अभिमान कधी वाटला नाही आणि एवढं हसूही कधी आलं नाही. मोटारीत घरचे तिघं, एका ताटात जेवणारे, तर धोका. एसटीत अनोळखी २२ जण, तर नाही.

गेलो एसटीनं. एका बाकावर एक, खिडक्या उघड्या. लेकीला घेतलं आणि परतीच्या गाडीत बसलो. जावईबापू हौशी, तिचं सामान, बाळाचा पाळणा, उशा असं सगळं स्वतःच्या मोटारीत घालून एसटीच्या मागं निघाले. हद्दीवर नाका. एसटी सरळ गेली. मागं वळून बघतो तर मोटार बाजूला घेतलेली आणि पाळणा टपावर. जावयांनी नाक्यावरच्या पोलिसाला विचारलं, अहो बायको पुढं गेली की! तो म्हणाला, ‘दाजी, वहिनींना पास लागत नाही, पाळण्याला लागतो.’ पाळणा परत कराडला गेला. नात जन्मली तेव्हा जुन्या साडीच्या झोळीत झोपली, आणि छान झोपली. २ सप्टेंबरपासून पास बंदच झाला.

हसा, पण यात चूक कुठं झाली ते बघा. पोलिसाची नाही, तो भर पावसात उभा होता. कुणीतरी साथीला जिल्ह्याची हद्द दाखवली आणि साथीनं ती बघितलीच नाही. ती स्टँडवर होती, फलाटावर होती.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं.’ अध्यक्ष महाराज, छापलेला विषय आता सुरू होतोय.

तर १९१८. इन्फ्लुएंझाच्या तापाची साथ, आपल्याकडं म्हातारी माणसं तिला मानमोडी म्हणायची. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात गेले, तिथून पुढं कळलं. म्हणजे पहिला धक्का कुठं? गोदीवर, स्टँडच तो, जहाजांचा. मुंबई महापालिकेचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी ही साथ रात्रीच्या चोरासारखी शिरली असं लिहिलंय. ते म्हणाले जहाजातून आली. सरकार म्हणालं, छे, जहाजावरच्यांनाच मुंबईनं दिली. ‘तुझ्याकडून आली की माझ्याकडून’ हे भांडण तेव्हापासूनचं आहे. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती मारकी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. आणि मग पाटी! महायुद्धावरून परतणारे सैनिक, गावाकडं पळालेले गिरणी कामगार, सगळे रेल्वेनं. आपल्या भागातला माणूस पुण्याला उतरून मीटरगेजच्या गाडीत बसायचा, मग बैलगाडी. त्यात त्या साली पाऊस नाही, धान्य महाग, अंगात रक्त नाही. मुंबईत ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळस, कलकत्त्याला तो नोव्हेंबरात. रेल्वेनं वाटेत जेवढा वेळ लावला तेवढा नव्हे, माणसांनी लावला तेवढा. आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात १९११ च्या खानेसुमारीला साधारण २ कोटी १५ लाख माणसं होती, १९२१ ला २ कोटी ८ लाख. दहा वर्षांत माणसं वाढायची ती घटली. प्लेग होता, दुष्काळ होता, पण सगळ्यात मोठा घास मानमोडीचा.

पाच मिनिटं? बरं. २०२०. ९ मार्चला पुण्यात पहिले दोन रुग्ण, दुबईहून आलेलं जोडपं. सगळ्यांचं लक्ष दुबईकडं. माझं लक्ष त्यांना मुंबईहून पुण्याला आणणाऱ्या टॅक्सीवाल्याकडं, कारण पुढच्या यादीत तोही होता. पाटी! मग आपलंच इस्लामपूर. २३ मार्चला सौदीहून परतलेले चौघं, आणि थोड्याच दिवसांत त्याच गोतावळ्यात दोन डझन. मग सगळं बंद, आणि बंद होतं तोवर लांबचे जिल्हे कोरडे राहिले. गडचिरोलीत मेच्या मध्यापर्यंत एक रुग्ण नव्हता. माणसं गावी परतायला लागली तशी साताऱ्यात, रत्नागिरीत, गडचिरोलीतही निघाले. पहिली लाट अशी पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकली, सप्टेंबरात नागपूर भरलं, राज्यात दिवसाला नवे रुग्ण २४ हजारांवर गेले.

आणि दुसरी लाट उलटी आली, हे कुणी नीट सांगतच नाही. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीच्या निवडणुका, मग लग्नसराई, एसटी पुन्हा सगळे बाक भरून. फेब्रुवारीत अमरावती पेटली, २२ तारखेपासून अमरावती आणि अचलपूरला टाळेबंदी. मुंबई-पुण्याची मंडळी म्हणत होती, विदर्भात काहीतरी चाललंय वाटतं. जणू विदर्भातून मुंबईला गाडीच येत नाही! १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर रुग्ण. दोन महिने हातात होते. त्या दोन महिन्यांत अमरावतीच्या स्टँडवरून कुठल्या पाट्या सुटतात एवढं कंट्रोलरला विचारलं असतं तर—

हो, हो, बसतो. एकच. पुढच्या वेळी तपासणीचं टेबल हद्दीवर टाकू नका, फलाटावर टाका. मुंबई गाडी जिथं लागते आणि मुक्कामी गाडी जिथून सुटते, त्या दोहोंच्या मध्ये. आमच्याकडं प्रत्येक आगारात ती जागा वीस पावलांची असते. मी मोजलीय. तिथं एक नर्सबाई, एक खुर्ची आणि पाण्याचा माठ, एवढं पुरे. माठ आमच्या युनियननं पूर्वीच ठेवलेला आहे.

कोण उठलं मागं? बसा की... अच्छा, शेवटची गाडी आहे होय? मग पळा. आठ पन्नासची आहे, पण आज नवीन ड्रायव्हर आहे, पाच मिनिटं आधी काढतोय.