कुठलं कर्जत?

नमस्कार, श्रोतेहो.

प्रवासात शेजारच्या माणसाला आपण गाव विचारतो. तो म्हणतो, "कर्जत." आणि आपल्या तोंडून लगेच पुढचा प्रश्न येतो, "कुठलं कर्जत? रायगडातलं की नगरकडचं?"

एका कर्जतला मुंबईची लोकल जाते. पुढे बोरघाट. घाट चढणाऱ्या गाड्यांना तिथं मागून जादा इंजिनं जोडतात, आणि ती जोडेपर्यंत लोक फलाटावर उतरून गरम वडे घेतात. पावसाळ्यात तिथला डोंगर चार महिने पाझरत असतो. दुसरं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात. तिथवर ढग पोचतात ते सह्याद्रीवर रिते होऊनच. माळरान, ज्वारी, आणि रेहेकुरीच्या अभयारण्यात उड्या मारणारी काळविटं. अष्टविनायकातलं सिद्धटेक याच कर्जत तालुक्यात, भीमेच्या काठावर आहे. नाव तेच, पण एका गावचा माणूस पाऊस थांबायची वाट बघतो आणि दुसऱ्या गावचा तो यायची.

अष्टविनायकाचं नाव निघालं म्हणून माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. मी तेव्हा शाळेत होतो. आत्या, तिच्या दोन जावा, माझी आई आणि आम्ही पोरं अशी भाड्याची जीप करून डोंबिवलीहून पहाटे निघालो. पहिलं दर्शन महडच्या वरदविनायकाचं, खोपोलीजवळ. जीपवाल्याला आदल्या दिवशी निरोप गेला होता, "महडला जायचंय." पनवेल आलं तेव्हा सगळी गाडी गाढ झोपेत होती. उजाडता उजाडता आत्याला जाग आली. बाहेर पाटी दिसली, इंदापूर. आत्याचं माहेर, म्हणजे आमचं मूळ घर, बारामतीकडचं. तिला माहीत असलेलं इंदापूर एकच, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं. ती घाबरून ओरडली, "अगं बाई, आपण सोलापूरच्या वाटेला कसे लागलो?"

आम्ही होतो मुंबई-गोवा महामार्गावर. ते इंदापूर रायगड जिल्ह्यातलं, माणगावच्या अलीकडचं. जीपवाल्यानं शांतपणे सांगितलं, "ताई, महाडलाच तर चाललोय." महड आणि महाड. एका कान्याचा फरक, आणि दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यात, एकमेकांपासून शंभर किलोमीटरहून लांब. महाड म्हणजे चवदार तळ्याचं महाड, जिथं १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. तेही तीर्थच, पण आत्याच्या पिशवीतल्या दूर्वा वरदविनायकासाठी होत्या. जीपवाल्याला कोणी बोललं नाही. निरोप तोंडी गेला होता आणि एक काना वाटेत वाढला होता. मग गाडी वळवली, वाकण फाट्यावरून आधी पालीच्या बल्लाळेश्वराला गेलो आणि तिथून खोपोलीच्या रस्त्यानं महडला. आत्या शेवटपर्यंत म्हणायची की त्या दिवशी दर्शनाचा क्रम गणपतीनंच बदलला.

आता पाली म्हटलं तरी काम संपत नाही. खंडोबाची पाली सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यात. राजस्थानात तर पाली नावाचा अख्खा जिल्हा आहे. आणि हल्ली मोबाइलच्या नकाशात आपण गावाचं नाव रोमन अक्षरांत टाइप करतो. त्या अक्षरांत महड आणि महाड एकसारखेच लिहिले जातात. देवनागरीनं जपून ठेवलेला काना तिथं उरतच नाही.

एवढी सारखी नावं आली कुठून? आपल्याकडचं उत्तर झाडावर आहे. गाव वसवणाऱ्या माणसानं समोर जे पाहिलं तेच नाव ठेवलं. वड दिसला, वडगाव. पिंपळ दिसला, पिंपळगाव. तसंच आंबेगाव, बोरगाव, बाभूळगाव, पळसगाव, निमगाव. त्याला दहा कोसांपलीकडचं जग मोजायचं नव्हतं. त्याच्या पंचक्रोशीत वडगाव एकच होतं. अडचण आली ती महसूल गोळा करणाऱ्याला, कारण त्याच्या दप्तरात पाच वडगावं शेजारी शेजारी येऊन बसली.

मग नावाला शेपूट जोडलं गेलं. पिंपळगाव बसवंत, टाकळी ढोकेश्वर, नांदगाव खंडेश्वर. लोणी काळभोर, कारण तिथं काळभोर घराणी. शिरूर तर किती! पुणे जिल्ह्यातलं घोडनदीचं शिरूर, बीडमधलं शिरूर कासार, लातूरमधली शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. वडगाव मावळ म्हटलं की इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कान टवकारतात. जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजेनं इंग्रजांना कोंडून तह करायला लावला, तो याच वडगावात. परीक्षेत नुसतं 'वडगावचा तह' लिहिलं तरी चालतं. प्रत्यक्ष त्या जागेवर उभं राहायचं असेल तर मावळ म्हणावंच लागतं.

मला सगळ्यात आवडते ती बुद्रुक आणि खुर्दची जोडी. दोन्ही शब्द फारसी दप्तरातून आले. बुजुर्ग म्हणजे थोरला, त्याचं मराठी जिभेवर बुद्रुक झालं. खुर्द म्हणजे धाकटा. कोंढवा बुद्रुक, कोंढवा खुर्द. आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द. घरात दोन भाऊ असावेत आणि त्यांना थोरले-धाकटे म्हणावं, तसं गावांना म्हटलं गेलं. पुढे कधी खुर्द वाढतं आणि बुद्रुकाला मागे टाकतं, पण मान बुद्रुकाचाच राहतो. पुण्याभोवतीची अशी गावं आता शहराच्या पोटात गेली. घरांच्या जाहिरातींत नुसतं 'कोंढवा' छापतात. मला त्याचं वाईट वाटतं. दोन ग्रामदैवतं, दोन जत्रा, दोन पाटीलक्या एका शब्दात गुंडाळल्या जातात.

माणसांच्या बाबतीतही आपण हेच करत आलो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. तिच्यामुळे पेशव्यांच्या घरात दोन बाजीराव झाले. दुसरे बाजीराव हे पहिल्या बाजीरावांचे नातू. एकानं १७२८ मध्ये पालखेडला निजामाला जेरीस आणलं, दुसऱ्यानं १८१८ मध्ये इंग्रजांपुढे शरणागती पत्करली. नानासाहेबही दोन. पानिपतानंतर पर्वतीवर प्राण सोडणारे वेगळे आणि १८५७ ला कानपूरला उठाव करणारे वेगळे. म्हणून 'थोरले' हा शब्द आपल्या इतिहासात इतका लागतो. आणि गावात दोन दत्तू असले तर एक गिरणीवाला दत्तू होतो आणि दुसरा वरच्या आळीचा.

श्रोतेहो, आता जरा लांब जाऊ. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड शहराच्या दक्षिणेला बॉम्बे नावाचं गाव आहे आणि त्याच नावाच्या टेकड्या आहेत, बॉम्बे हिल्स. आपण १९९५ साली बॉम्बेचं मुंबई केलं, पण तिथं बॉम्बे अजून बॉम्बेच आहे. तिथं ते नाव घेऊन मुंबईचा कोणी माणूस गेला नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून वसाहतीला निघालेल्या काही कुटुंबांना तिथं पोचवणाऱ्या जहाजाचं नाव होतं 'बॉम्बे'. बंदराचं नाव जहाजाला मिळालं, जहाजाचं टेकडीला. आज ऑकलंडकरांच्या बोलण्यात बॉम्बे हिल्स म्हणजे वेस. टेकड्यांच्या अलीकडे ऑकलंड आणि पलीकडे उरलेला देश. पुण्याचा माणूस 'घाटाखाली' ज्या सुरात म्हणतो, त्याच सुरात तिथला माणूस 'बॉम्बेच्या दक्षिणेला' म्हणतो. ज्वालामुखीच्या तांबूस मातीचा हा मुलूख भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध. शेजारच्या पुकेकोहे भागात कांदा मोठ्या प्रमाणावर होतो आणि तो पिकवणाऱ्यांत भारतातून गेलेली कुटुंबंही आहेत. लासलगावच्या शेतकऱ्याला तिथं नेलं तर भाषा कळायच्या आधी त्याला शेत कळेल.

दुसरं बॉम्बे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या सरहद्दीजवळ. लहानसं गाव, हिवाळ्यात बर्फाखाली जाणारं. मायकल होगन नावाच्या एका आयरिश व्यापाऱ्याची तिथं जमीन होती आणि त्याच्या बायकोचा आपल्या मुंबईशी संबंध होता, म्हणून हे नाव. तिला त्या थंडीत मुंबईचा दमट वारा आठवत असेल का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. त्याच राज्यात दिल्लीही आहे. लिहितात आपल्यासारखंच, पण तिथले लोक म्हणतात 'डेल-हाय'.

सारख्या नावामुळे माणूस किती लांब भरकटू शकतो? २०१७ साली नेदरलँडचा १८ वर्षांचा एक मुलगा ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघाला. तिकीट इतरांपेक्षा बरंच स्वस्त मिळालं म्हणून खूश होता. टोरंटोला विमान बदलताना पुढचं विमान अगदीच छोटं दिसलं आणि त्याच्या पोटात गोळा आला. एवढ्याशा विमानानं ऑस्ट्रेलिया कसा गाठणार? तिकीट कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या सिडनीचं होतं. इथं दोन्ही नावांचं मूळ एकच आहे. लॉर्ड सिडनी हे ब्रिटिश सरकारातले मंत्री. त्यांच्या नावानं १७८५ मध्ये कॅनडात एक वस्ती झाली आणि तीनच वर्षांनी, १७८८ मध्ये, ऑस्ट्रेलियात दुसरी. ऑस्ट्रेलियातली धाकटी, पण तीच महानगर झाली. आपल्याकडे असती तर कॅनडातली सिडनी बुद्रुक ठरली असती.

काही नावं जुळी असून ओळखू येत नाहीत. ग्रीक भाषेत नेआपोलिस म्हणजे नवं शहर. इटलीत त्याचं नेपल्स झालं, पॅलेस्टाइनमध्ये नाब्लुस. विदर्भातलं नवेगाव हे अर्थानं त्यांचंच भावंड.

आणि आता ते नाव, ज्यासाठी आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं. पांडुरंग.

हे नाव आपलं, पंढरीचं, यात कोणा मराठी माणसाला शंका नसते. पण दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर फान रांग नावाचं शहर आहे, आणि फान रांग हे पांडुरंग या शब्दाचंच तिकडच्या जिभेवर झालेलं रूप आहे. तिथं पूर्वी चंपा नावाचं चाम लोकांचं राज्य होतं. त्यांचे शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत आहेत. त्यांच्या प्रदेशांची नावं ऐका: इंद्रपूर, अमरावती, विजय, कौठार, पांडुरंग. आपल्या वऱ्हाडातल्या अमरावतीच्या श्रोत्यांनीही नोंद घ्यावी. उत्तरेकडून व्हिएतनामी सत्ता सरकत गेली तसे चंपाचे हे प्रदेश एकेक करून गेले. शेवटपर्यंत टिकला तो पांडुरंग. १८३२ मध्ये तोही व्हिएतनामच्या राज्यात विलीन झाला.

इथं सांभाळून बोलायला हवं. तो पांडुरंग म्हणजे आपला विठोबा नव्हे. चंपाचे राजे मुख्यतः शिवभक्त होते. पांडुर अंगाचा, म्हणजे गोऱ्या अंगाचा, असा या शब्दाचा अर्थ, आणि कर्पूरगौर शंकराला तो शोभतो. आपल्या सावळ्या विठ्ठलाला पांडुरंग का म्हणतात, यावर तर आपल्याच विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. दोन्हीकडे पोचलेला शब्द एक, पण तो ज्या वाटांनी गेला त्या निराळ्या. फान रांगमध्ये कोणी वारी करत नाही आणि म्हणून ते नाव आपल्याला कमी जवळचं वाटावं, असंही मला वाटत नाही.

त्या मुलखाचं वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो होतो. फान रांगचा परिसर व्हिएतनाममधला सगळ्यात कोरडा. बाकी देश भाताच्या पाण्यात उभा असताना इथं पाऊस कमी, ऊन कडक, माळावर मेंढ्या, आणि शेतात द्राक्षं. आता पंढरपूर तालुका डोळ्यांपुढे आणा. अवर्षणाचा पट्टा, धनगरांची मेंढरं, आणि कासेगावचे द्राक्षमळे. हो, तेच कासेगाव. दुसरं सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात आहे.

फान रांगजवळच्या एका टेकडीवर तेराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेलं विटांचं मंदिर आहे, पो क्लोंग गराय. हे चाम लोकांच्या एका पूज्य राजाचं नाव, आणि आत त्याची पूजा होते ती मुख असलेल्या शिवलिंगाच्या रूपात. चाम लोक आजही तिथं राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास त्यांचा काते नावाचा सण येतो. त्या दिवशी देवाची वस्त्रं मिरवणुकीनं, वाद्यांच्या गजरात टेकडीवर नेतात, मूर्तीला स्नान घालतात आणि वस्त्रं नेसवतात. बायका डोक्यावर नैवेद्याची ताटं घेऊन पायऱ्या चढतात.

मला एकदा त्या पायऱ्या चढायच्या आहेत. तिथं कोणी गाव विचारलंच, तर सांगेन, मीही पांडुरंगाच्याच मुलखातला. आणि त्यानं "कुठल्या?" असं विचारलं, तर तिथंच पायरीवर बसून त्याला चंद्रभागेपासून सगळं सांगेन.

नमस्कार.