दोन नंबरचा प्लग

(दृश्य: सकाळ. अजिंक्यतारा धुक्यात. साताऱ्याच्या एमआयडीसीजवळ एका शेडचं शटर वर जातं.)

ही कॉन्टेसा क्लासिक. मूळ अंगकाठी ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलची, बांधणी बंगालात उत्तरपाड्याला, हिंदुस्तान मोटर्सची. १९८४ ते २००२ एवढं तिचं आयुष्य. हौशी मंडळी हिला भारताची मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हणतात. म्हणोत बापडे. अमेरिकेत १९६४ साली आलेल्या पॉन्टिॲक जीटीओचं इंजिन ६.४ लिटरचं होतं. हिचं इसुझूचं, १.८. बॉनेट उघडलं की आत इंजिन कमी आणि जागाच जास्त. पण आज तीच जागा उपयोगी पडणार आहे.

मिस्त्रीमामांनी कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, उतरवून स्टीलच्या ताटात ठेवलाय. फेकणार नाहीत. त्याचे जेट, पेट्रोल सोडणारी ती बारीक भोकं, त्यांनी किती वेळा फुंकून साफ केलेत, ते त्यांनाही आठवत नाही.

गाडीचं दुखणं जुनंच. साताऱ्यात गुणी. मेढा सोडून केळघरचा घाट लागला की जड व्हायची, महाबळेश्वरला पोचेपर्यंत प्लग काळे. वर हवा विरळ, जेटचं भोक मात्र तेवढंच. पेट्रोल जादा जायचं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. आपल्याच उसाचं, तक्रार तरी कुणाकडे करायची? एक किलो साधं पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. मिश्रणाचं गणित साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे त्याच जेटमधून आता पेट्रोल कमी पडतं. खाली उपाशी, वर अजीर्ण. मामा दर वेळी स्क्रू अर्धा फेरा इकडंतिकडं करायचे आणि पुढच्या वेळेपर्यंत निभायचं.

आता भाच्यानं कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा, बसवायचं ठरवलंय.

(दृश्य: बाकावर वायरींचा गुंता, चार जुने इंजेक्टर, एक लॅपटॉप.)

इंजेक्टर भंगारातल्या गाडीचे, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, नवा. कार्ब्युरेटरला पाव बार दाब पुरायचा, इंजेक्टरला तीन बार लागतो. म्हणून पंप नवा, पाइप नवे, क्लिपासुद्धा नव्या. इथं काटकसर केली तर पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर, आणि पुढचं सांगायला नको. टाकीत आडपडदे नाहीत, घाटाच्या वळणावर पेट्रोल एका अंगाला पळतं आणि पंप हवा ओढतो. म्हणून मधे एक छोटी टाकी दिली.

पण खरा जीव टायमिंगमध्ये, ठिणगी नेमकी कधी पडते त्यात आहे.

चारही सिलिंडरना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला गॅरेजात डेल्को म्हणतात. एका अमेरिकी कंपनीचं नाव, वस्तूलाच चिकटलं. त्याच्या पोटात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा. इंजिन पळायला लागलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी पडते. आधी का? कारण पेट्रोल जळायला वेळ लागतो, आणि क्रँक, पिस्टननं फिरणारा दांडा, काही थांबत नाही. ३००० आरपीएमला एका मिलिसेकंदात तो १८ अंश फिरतो. इतक्या वर्षांत स्प्रिंगा ढिल्या पडलेल्या, ठिणगी नको तेवढी पुढं जायची आणि चढाला गाडी नॉक मारायची, आतून ठकठक करायची.

डेल्को जागेवरच ठेवला, वजनं मात्र बांधून टाकली. आता तो फक्त ठिणगी वाटतो. कधी पाडायची ते ईसीयू ठरवणार. त्यासाठी क्रँकच्या पुलीवर दातेरी चाक: छत्तीस जागा, पस्तीस दाते. शेजारचा सेन्सर ते दाते मोजतो; न पाडलेला एक दाता हीच त्याची खूण. प्रत्येक दाता दहा अंशांचा.

(दृश्य: मामा फिलर गेजच्या पातळ पातीनं चाक आणि सेन्सरमधली फट मोजतात. पाती एकदा अडकते, एकदा मोकळी जाते. चाक डुगडुगतंय.)

"हे लेथवर परत घे," मामा म्हणाले. भाच्यानं घेतलं.

पहिल्यांदा गाडी चालू झाली ती भडाभडा करतच. लॅपटॉप म्हणतो टायमिंग दहा अंश. मामांनी टायमिंग लाइट धरला, प्रत्येक ठिणगीला लुकलुकणारा. त्या उजेडात पुलीवरची रेघ एका जागी दिसायला हवी, ती रेस दिली की सरकायला लागली. दुपारभर प्रोग्रॅम उलटापालटा केला. शेवटी सापडलं काय, तर सेन्सरच्या दोन वायरी उलट्या. अदलाबदल केली, रेघ जागची हलेना.

(दृश्य: केळघरचा घाट. डॅशबोर्डवर लॅपटॉप.)

साताऱ्यात इंजिन बंद असताना हवेचा दाब ९३ किलोपास्कल दाखवत होता. महाबळेश्वरला ८६. ईसीयूनं पेट्रोल त्या हिशेबानं आपोआप कमी केलं होतं. मधे कुणी स्क्रूला हात लावला नाही.

वर गाडी थांबवली, पुन्हा चालू केली. अर्ध्या फेऱ्यात पकडली. भाचा हसला.

मामा हसले नाहीत. वाकून एक्झॉस्टपाशी कान दिला.

"दोन नंबर जास्त खातोय."

"मामा, ऑक्सिजन सेन्सर बरोबर दाखवतोय बघा."

तो दाखवणारच. सेन्सर एकच, आणि त्याच्यापुढून चारही सिलिंडरचा धूर मिसळून जातो. एक जादा खातो, तर ईसीयू सगळ्यांचंच कमी करून सरासरी जमवतो.

मामांनी इंजिन बंद करायला लावलं, पाना घेतला आणि दोन नंबरचा प्लग काढून भाच्याच्या तळहातावर ठेवला. काळा, ओला, पेट्रोलचा वास येणारा.

"भंगारातला इंजेक्टर गळतोय. उद्या बदल."